फोंड्याची देवळं आणि जुनं गोवं एका दिवसात: काय बघा, काय सोडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरहून सहा माणसं येताय. आई-बाबा सत्तरी ओलांडलेले, आईंचे गुडघे दुखतात, बाबांना साखर आहे. तुम्ही दोघं, अकरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. मुक्काम पणजीत, देवदर्शनाला हाताशी एकच दिवस. कुलदेवी कवळ्याची शांतादुर्गा, आईंना तिची ओटी भरायची आहे. तिच्यासकट अकरा ठिकाणांची यादी: कवळे, रामनाथी, नागेशी, महालक्ष्मी, म्हार्दोळ, मंगेशी, साफा मशीद, तांबडी सुर्ला, मसाल्याची बाग, जुन्या गोव्याची चर्चेस आणि नार्वेचा सप्तकोटेश्वर. हे सगळं एका दिवसात होईल का आणि कुठल्या क्रमानं करावं, असं विचारलंय.

होईल. गाडीतून उतरायचं, हात जोडायचे, फोटो काढायचा, परत गाडीत बसायचं, असं केलं तर अकराच काय, पंधरा होतील. पण मी ते करू देणार नाही, आणि का ते सांगते.

मी फोंड्यातली. बावीस वर्षं पाहुण्यांना देवळं दाखवते. सुरुवातीच्या काळात एका टूरवाल्यानं माझ्या हाती चाळीस माणसांची बस आणि बारा देवळांची यादी दिली होती. पाचव्या देवळाच्या अंगणात एक आजी चक्कर येऊन खाली बसल्या. संध्याकाळी परतताना मी एका लहान मुलीला विचारलं, कुठलं देऊळ आवडलं? ती म्हणाली, "सगळी एकच तर आहेत. पांढरी, वर घुमट, समोर दिव्यांचा खांब." तिचं काही चुकलं नव्हतं, मीच तिला काही बघू दिलं नव्हतं. त्या दिवसापासून मी एका दिवसात चारच्या वर देवळं घेत नाही.

आता तुमची यादी. तांबडी सुर्ला सोडा. मोलेच्या जंगलात आहे, फोंड्याहून जाऊन येऊन अर्धा दिवस खातं. देऊळ अप्रतिम आहे. कदंब राजांच्या काळातलं, काळ्या बेसाल्टचं, रानात लपलेलं म्हणून वाचलेलं. पण त्याला वेगळा दिवस द्या, धावतपळत बघण्याची ती जागा नव्हे. मसाल्याची बागही सोडा. मुलांना मजा येते हे खरं, पण जेवणासकट तीन तास जातात आणि मिरीचे वेल तुम्हाला कोकणात कुठेही दिसतील. रामनाथी आणि महालक्ष्मी कवळ्याच्या अगदी शेजारी आहेत, म्हणून सोडताना जीव तुटेल. तरी आईंच्या गुडघ्यांकडे बघून सोडा, नाहीतर गाडीतूनच हात जोडा. नार्वेबद्दल शेवटी बोलते.

राहिली चार देवळं आणि जुनं गोवं. ही चार मी अंदाजानं निवडलेली नाहीत.

सकाळी सातला पणजी सोडा. बाबांना उपाशी ठेवू नका. ओटी आईंची आहे, उपास त्यांना हवा तर त्यांनी करावा. अर्ध्या तासात बाणस्तारीचा पूल लागेल. तिथे मुलांना उठवा. खालचं पाणी म्हणजे मांडवी आणि जुवारी जोडणारी कुंभारजुव्याची खाडी. तिच्यात मगरी आहेत, हे सांगितलंत की दोघंही खिडकीला चिकटतील. ते चिकटले की खरी गोष्ट सांगा. दोनशे वर्षांहून जास्त काळ हे पाणी म्हणजे सरहद्द होती. मागे राहिली ती पोर्तुगिजांची तिसवाडी. पुढे आमचा अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा तालुका. तिथे पोर्तुगिजांचं राज्य १७६३ पर्यंत आलं नाही. आधी आदिलशाही होती. १६७५ मध्ये शिवाजी महाराजांनी फोंड्याचा किल्ला घेतला. पुढे मराठे आणि सोंद्याचे राजे. हे एवढं डोक्यात बसलं की दिवसभर दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीला अर्थ येतो. तुम्ही जे देव बघायला निघालात, ते बहुतेक पाणी ओलांडून अलीकडे आलेले आहेत. मुलांच्या भाषेत सांगायचं तर निर्वासित देव.

मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा. म्हाळसा वेर्ण्याची. शांतादुर्गा केळशीची. रामनाथ लोटलीचा, महालक्ष्मी कोलव्याची. ही सगळी गावं जुवारीपलीकडच्या साष्टीतली. सोळाव्या शतकात तिथली देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा लोकांनी रातोरात मूर्ती आणि लिंगं उचलली आणि नदी ओलांडली. तुमच्या यादीतल्या बांदिवड्याच्या नागेशाला मात्र कुठे जावं लागलं नाही. तो पहिल्यापासून इथलाच. म्हणून माझी निवड अशी असते: तुमची स्वतःची देवी, तिला शेजार देणारा नागेश, आणि नदी ओलांडून आलेले आणखी दोन.

कवळे पहिलं. आठ-सव्वाआठपर्यंत पोचता. देवस्थानच्या कार्यालयात जाऊन ओटी किंवा अभिषेक जे करायचं असेल त्याची पावती घ्या, नाव-गोत्र सांगा. अभिषेक करायचा असेल तर आदल्या दिवशी फोन करून ठेवलेला बरा, विशेषतः दुपारचा महाप्रसाद तिथे हवा असेल तर. खण, नारळ, गजरे बाहेरच्या दुकानांत मिळतात, पण साडी आईंनी घरून आणावी. स्वतः निवडलेल्या साडीचं समाधान वेगळं असतं. आमच्याकडची शांतादुर्गा म्हणजे भांडण मिटवणारी देवी. शिव आणि विष्णू यांचं युद्ध जुंपलं तेव्हा ती मध्ये पडली आणि तिनं दोघांना शांत केलं, अशी कथा आहे. दुर्गेच्या आधी 'शांता' लागलं ते त्यामुळे. भांडखोर भावंडांना सांगायला याहून चांगली कथा नाही.

आत्ताचं देऊळ १७३८ चं, छत्रपती शाहूंच्या काळात त्यांचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकारानं उभं राहिलेलं. इथे मुलीला एक काम द्या. अंगणात दीपस्तंभापाशी उभं राहून वर बघायला सांगा. कोल्हापूरच्या अंबाबाईला तिनं शिखर बघितलंय. इथे शिखराच्या जागी घुमट आहे, खिडक्या कमानीच्या आहेत, कठडे एखाद्या पोर्तुगीज बंगल्याचे असावेत तसे. तिला म्हणा, हे लक्षात ठेव, संध्याकाळी जुन्या गोव्यात या घुमटाचा भाऊ दाखवते. पितळी झुंबरं आत गेल्यावर दिसतीलच. त्या काळच्या आमच्या गवंड्यांनी सरहद्दीपलीकडे काय बांधलं जातंय ते नीट बघून ठेवलं होतं. त्यातलं आवडलं ते घेतलं आणि देव मात्र आपलेच ठेवले.

इथे घाई करू नका. दीड-पावणेदोन तास द्या. ओटी भरून झाल्यावर आईंना सभामंडपात खांबाला टेकून बसू दे. कुलदेवीला आलेल्या बायकांना मी खूप वेळा बघते. दर्शन पाच मिनिटांत होतं, पण त्या लगेच उठत नाहीत. एकदा बेळगावच्या एक आजी अर्धा तास काहीच बोलल्या नाहीत. मग मला म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून बोडणाला, कुळाचाराला हिचं नाव घेते. तोंड आज बघितलं." मुलगा त्यांना "चला चला, अजून सहा ठिकाणं आहेत" म्हणत होता. त्याला मी बाहेर नेऊन चहा पाजला.

काहींना कौल लावायचा असतो. देवाच्या अंगावर ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवतात, मनातला प्रश्न गाऱ्हाण्यात सांगतात आणि कुठल्या बाजूची पाकळी आधी पडते ते बघतात. आमच्याकडे याला 'प्रसाद घेणं' म्हणतात. काही देवळांत होतो, काहींत नाही. होतो तिथे वेळ आणि वार ठरलेले असतात. त्यामुळे दिवस त्याच्या भरवशावर आखू नका. पण चालू असलेला दिसला तर थांबून बघा. पाकळी सुटायच्या आधी सगळा गाभारा श्वास धरून उभा असतो.

कवळ्याहून नागेशी पाच-दहा मिनिटांवर. हे माझं सगळ्यात आवडतं, आणि टूरच्या बसेस इथे फारशा थांबत नाहीत हे आपलं नशीब. देवळासमोर चारी बाजूंनी नारळांनी वेढलेली तळी आहे. पाणी हिरवं, आत मासे. लहान मुलगा तिथून हलणार नाही, तेव्हा एकानं त्याच्यापाशी थांबा. तळीच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात. तळीपाशी ठरावीक ठिकाणी उभं राहिलं की गाभाऱ्यातल्या नंदादीपाचं प्रतिबिंब पाण्यात दिसतं असं सांगतात. मुलीला ती जागा शोधायला लावा. सभामंडपात मान वर केलीत की लाकडावर कोरलेलं आणि रंगवलेलं रामायण दिसेल. बाबांना इथे खुर्ची मागून घ्या आणि त्यांनाच मुलांना प्रसंग ओळखून दाखवू दे. आजोबांना दिवसभरात दुसरं काही काम नसतं, नुसतं पाठोपाठ चालायचं. हे त्यांचं.

आवारात इ. स. १४१३ चा विजयनगरकाळातला शिलालेख आहे, त्यात या देवळाचा उल्लेख आहे. म्हणजे वास्को द गामा जन्मायच्या कितीतरी आधी हा देव इथेच होता. अक्षरं तुम्हाला वाचता येणार नाहीत, मलाही येत नाहीत. तरी दगडापाशी मिनिटभर थांबा.

साडेअकराच्या सुमारास म्हार्दोळ. महाराष्ट्रातले पाहुणे इथे हमखास गोंधळतात, कारण त्यांना म्हाळसा म्हणजे खंडोबाची बायको माहीत असते. आमची म्हाळसा म्हणजे विष्णूचं मोहिनी रूप. देवीच्या अंगावर जानवं असतं. म्हणून तिला म्हाळसा नारायणी म्हणतात. समोर पितळेची एकवीस थरांची समई आहे, कासवाच्या पाठीवर उभी. ती बघताना मान दुखेल. वेर्ण्याच्या जुन्या देवळातल्या घंटेची एक गोष्ट सांगतात. तिला लोलक नसे. कुणाला साक्ष द्यायची असली की लोलक लावून घंटा वाजवायचे आणि तिच्यासमोर खोटं बोलणारा तीन दिवसांत मरतो अशी श्रद्धा होती. खरंखोटं देवी जाणे, पण सहा वर्षांचा तुमचा मुलगा त्यानंतर दिवसभर खरं बोलेल. इथे वीस-पंचवीस मिनिटं पुरे. बाहेर जाईचे गजरे मिळाले तर घ्या, म्हार्दोळची जाई आमच्याकडे नावाजलेली आहे.

तिथून मंगेशी किलोमीटरभरावर. मध्यान्हाच्या आरतीच्या आसपास पोचता. गाडीतळापासून देवळापर्यंत दुकानांमधून चालावं लागतं, पुढे पायऱ्याही आहेत. आईंना दम लागला तर दुकानाच्या फळीवर टेकू द्या, कुणी नाही म्हणत नाही. सात मजली दीपस्तंभ बघा. दीपमाळेच्या या रूपाला आता सगळा गोवा ओळखतो तो या देवळामुळे. १५६० मध्ये मंगेश कुठ्ठाळीहून इथे, प्रियोळात आला. १७३९ मध्ये रामचंद्र मल्हार सुखठणकर यांच्या सांगण्यावरून मराठ्यांनी हे गाव देवाला इनाम दिलं. बाबांना नाट्यसंगीत आवडत असेल तर त्यांना आवर्जून सांगा, दीनानाथांचा जन्म १९०० मध्ये याच गावात झाला आणि पुढे सगळ्या घरानं गावाचं नाव आडनाव म्हणून लावलं. आमच्या अंत्रुजातल्या देवळांच्या भोवती गाणं वाढलं ते देवळात गाण्या-नाचण्याची सेवा करणाऱ्या कलावंतांच्या घरांमुळे. ते नुसतं भक्तीतून आलं नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या सेवेतून आणि त्या सेवेतल्या सोसण्यातून आलं. जत्रेला आजही देवळाच्या अंगणात गावकरी रात्रभर मराठी नाटकं करतात.

एक गोष्ट कुणी सांगत नाही ती मी सांगते: पाय भाजतात. एप्रिल-मे सोडा, ऑक्टोबरातही बाराच्या उन्हात फरशी तापते. बाबांना साखर आहे म्हणता. अशा माणसाला तळपायाचा चटका कळत नाही आणि रात्री फोड दिसतो. जाड सुती मोजे जवळ ठेवा आणि अंगणात ते घालूनच चालायला सांगा. आत जाताना काढले की झालं. चप्पल घालून अंगणात जायचं नाही, पण मोज्यांना कुणी हरकत घेतल्याचं मी बघितलेलं नाही. कपड्यांचं म्हणाल तर हाफपँट आणि बिनबाह्यांचे कपडे देवळांत चालत नाहीत, चर्चमध्येही नाही. गाभाऱ्यात फोटो नाही.

जेवायला शाकाहारी हॉटेल विचारताना 'शिवराक' म्हणा. इथला माणूस लगेच रस्ता दाखवेल. खतखतं मिळालं तर सोडू नका. पाचसहा भाज्या, तूरडाळ, खोबरं आणि तिरफळं यांचं. तिरफळ चावायचं नसतं, बाजूला काढायचं. आणि सकाळी भूक लागली तर फोंड्यात पाव-भाजी खा, पण मुंबईची नव्हे. इथे पातळ भाजी आणि सुकी भाजी वेगवेगळी मागायची किंवा दोन्ही एकत्र घालून 'मिक्स' म्हणायचं. सोबत केळ्याचे गोड बन.

जेवणानंतर सव्वातीनपर्यंत काहीही करू नका. पाहुण्यांना हा दीड तास वाया गेल्यासारखा वाटतो. आदल्या दिवशी ठरवताना सगळे माझ्याशी वाद घालतात आणि प्रत्यक्षात सगळे झोपतात. देवस्थानची अग्रशाळा, म्हणजे यात्रेकरूंची उतरायची जागा, असेल तर तिच्या ओसरीवर, नाहीतर हॉटेलच्या सावलीत. दुपारी अनेक देवळांत गाभाऱ्याचं दारही बंद असतं आणि जुन्या गोव्याच्या मैदानावर त्या वेळी ऊन्ह डोळ्यांत घुसतं.

परतताना पुन्हा बाणस्तारीचा पूल. आता उलट दिशेनं, सरहद्दीपलीकडे.

जुन्या गोव्याच्या आधी साफा मशिदीचं सांगते, कारण फोंड्यात हमरस्त्यावरून ती सकाळीच दिसून गेलेली असेल. तळं, जांभ्या दगडाचा चौथरा, उतरतं छप्पर. उतरायची गरज नाही, पण तिचं साल लक्षात ठेवा. अली आदिलशहानं ती बांधली १५६० मध्ये. मंगेश नदी ओलांडून आला तेही १५६०. आणि जुन्या गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, बसलं तेही १५६०. तुमच्या मुलीला इतिहासात गोडी असेल तर तिला ही तीन वाक्यं सांगा आणि गप्प बसा. आदिलशहाच्या राज्यात मशीद उभी राहत होती आणि त्याच राज्यात मंगेशाला जागा मिळत होती. पुढचे प्रश्न तीच विचारेल. मला एका सातवीतल्या मुलानं विचारलेलं, "मग देवाला आसरा कुणी दिला? मुसलमान राजानं?" हो, राज्य त्याचं होतं आणि गाव इथल्या लोकांचं.

जुन्या गोव्यात चारच्या सुमारास पोचा. रविवारी सकाळी चुकूनही जाऊ नका. ही चूक मी स्वतः केलेली आहे. मिस्सा, म्हणजे चर्चची प्रार्थना, चालू होती, एका अख्ख्या कुटुंबाला घेऊन मी पाऊण तास उन्हात उभी होते.

आधी बॉम जेझूसचं चर्च. बिनगिलाव्याचं, तांबड्या जांभ्याचं, म्हणून सगळ्यांना ते सर्वांत जुनं वाटतं. तसं नाही. बांधकाम सुरू झालं १५९४ मध्ये, आणि त्याचा गिलावा काढला गेला तो विसाव्या शतकाच्या मध्यावर. समोरचं पांढरंशुभ्र से कॅथेड्रल त्याहून आधी, १५६२ मध्ये सुरू झालेलं. बॉम जेझूसच्या आत धर्मप्रसारक सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शव चांदीच्या पेटीत आहे. ते १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ वारले. ही इमारत त्यांनी कधी पाहिलीच नाही. चांदीची पेटी गोव्याच्या सोनारांनी घडवली, खालचं संगमरवरी थडगं फ्लॉरेन्सहून आलं आणि १६९८ मध्ये बसवलं. दर दहा वर्षांनी शव दर्शनाला खाली आणतात. मागच्या खेपेला नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ असं होतं. एरवी खालूनच बघायचं, त्यामुळे 'काही दिसलं नाही' म्हणून मुलं हिरमुसतील. आधीच सांगून ठेवा.

आई कदाचित विचारतील, आपण इथे हात जोडायचे का? जोडावेसे वाटले तर जोडावेत. ३ डिसेंबरच्या फेस्ताला आमच्या ओळखीची कितीतरी हिंदू माणसं 'गोंयच्या सायबा'ला, म्हणजे झेवियर यांच्या दर्शनाला, जातात. आणि झेवियर यांनीच गोव्यात धर्मन्यायालय बसवण्याची मागणी पोर्तुगालच्या राजाकडे पत्रानं केली होती, हेही खरं. मी पाहुण्यांना दोन्ही सांगते. एक सांगून दुसरं लपवणारे गाईड दोन्ही बाजूंना आहेत. से कॅथेड्रलच्या आसपासच्या मैदानावर धर्मन्यायालयाची इमारत होती. कोंकणीत लोक तिला 'वोडलें घर' म्हणत, मोठं घर. न्यायालय १८१२ मध्ये कायमचं बंद झालं, इमारतही गेली. आज तिथे हिरवळ आहे आणि मुलं धावतात. मुलगी अकराची आहे, तिला सांगा. धाकट्याला राहू द्या.

से कॅथेड्रलचा एक मनोरा १७७६ मध्ये वीज पडून कोसळला, तो परत बांधलाच नाही. उरलेल्या मनोऱ्यात सोन्याची घंटा म्हणून ओळखली जाणारी मोठी घंटा आहे. आत बाकं आहेत. आई-बाबांना बसवा आणि तुम्ही मुलांना घेऊन सेंट कॅजेटनच्या चर्चला जा. हा तो घुमट, सकाळी कबूल केलेला. रोमच्या सेंट पीटरचा धडा गिरवून केलेला. मुलीला कवळ्याची आठवण करून द्या. याच आवारात बाहेर हिरवळीवर एक नुसतीच दाराची चौकट उभी आहे, काळ्या दगडाची, पायऱ्यांसकट. तिच्यामागे काही नाही. ती आदिलशहाच्या वाड्याचं दार म्हणून ओळखली जाते, आणि तिच्यावरचं कोरीव काम त्याहून जुन्या, देवळाच्या धाटणीचं आहे. लोक सेल्फीसाठीही थांबत नाहीत तिथे. त्या दारातून मी दर वेळी पाहुण्यांना एकदा आरपार चालायला लावते.

सेंट ऑगस्टिनचा अर्धा उरलेला मनोरा बघायचा असेल तर गाडी वरपर्यंत जाते. मूळ मनोरा ४६ मीटरचा. वेळ कमी असेल तर दुरूनच चालेल. म्युझियम या खेपेला नको.

साडेपाच वाजले की व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली धक्क्यावर या. कमान वास्को द गामाच्या पणतवानं उभारली आणि वर पणजोबांचा पुतळा बसवला. पुढे मांडवी आणि दिवाडी बेटावर जाणारी फेरीबोट. पायी माणसाला तिकीट नाही. गाडी धक्क्यावर ठेवा, सहाही जण नुसते पलीकडे जाऊन परत या. मुलांना दिवसभरातलं काय आठवेल असं मला विचाराल तर ही फेरीबोट. शिवाय पाण्यावरून मागे वळून बघितलं की झाडांतून फक्त चर्चचे माथे दिसतात. एके काळच्या एवढ्या मोठ्या शहरातली घरं कुठे गेली, हे मूल स्वतःहून विचारतं. पटकी, हिवताप आणि खराब पाण्यानं माणसं गेली, १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली, आणि इथले दगड लोकांनी बांधकामाला नेले. पाडलेल्या देवळांचे देव तिकडे नांदताहेत आणि पाडणाऱ्यांचं शहर इथे झाडांखाली आहे, हे मी बोलून दाखवत नाही. बाबा बोलतील.

आणि नार्वे. याच दिवाडी बेटावर कदंबांचा सप्तकोटेश्वर होता. देऊळ पाडल्यावर लिंग नदीपलीकडे नार्वेला गेलं आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ बांधायला घेतलं. दारावर 'श्री शिवराज्ञा' असा शिलालेख आहे, शके १५९० चा. दिवाडीच्या दुसऱ्या टोकाहून नार्वेला आणखी एक फेरी जाते. म्हणजे देव ज्या वाटेनं गेला जवळपास त्याच वाटेनं तुम्ही जाऊ शकता. पण सकाळी आईंचे गुडघे ठीक असतील आणि परतीला एक दिवस वाढवता आला तरच. संध्याकाळी सातला तिथे जाऊन अंधारात शिलालेख चाचपडण्यात अर्थ नाही.

वाराचं एवढंच: सोमवारी मंगेशीला गर्दी, पण संध्याकाळी पालखी असते. मंगळवार-शुक्रवार देवीचे. गुरुवारी बाणस्तारीचा बाजार, पुलावर गाड्या तुंबतात. रविवार चर्चचा. उरले बुधवार आणि शनिवार, त्यांतला एक घ्या. माघात जत्रा असतात, तेव्हा हे सगळं वेळापत्रक विसरा आणि रात्रीचंच या. जत्रेत खाजं घ्या, बेसनाच्या कांड्या, वर आलं घातलेला गुळाचा पाक. जुन्या गोव्याच्या फेस्तालाही हेच खाजं मिळतं, कित्येकदा त्याच खाजेकाराकडे. पंधरा दिवस तो दीपस्तंभाखाली, पंधरा दिवस चर्चच्या दारात.

टॅक्सी दिवसाच्या बोलीनं ठरवा. तास आणि किलोमीटर दोन्ही आधी बोलून घ्या, आणि दुपारचा दीड तास गाडी उभी राहणार हेही. ओटीचा प्रसाद म्हणून मिळालेला नारळ डिकीत ठेवू नका, उन्हानं तडकतो. आईंच्या पायाशी, ओल्या पंच्यात गुंडाळून.